कोणता, कितवा, कितीनं, कितीपट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्समध्ये स्टॅटिस्टिक्स घेतलंय, पहिल्याच आठवड्यात नॉमिनल, ऑर्डिनल, डिस्क्रीट, कंटिन्युअस असे शब्द अंगावर आले, तर हे कुणी मराठीतून पायापासून सांगेल का? तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचे, मी त्याच जिल्ह्यातल्या निपाणीकडची. मीही याच वाटेनं गेले आणि आता पीयू कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भाषेची भीती घालवा. ‘संख्याशास्त्र’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. ‘सरासरी’ही दोन्हीकडे सरासरीच. वर्गातले शब्द नवे वाटतात, पण त्यामागची समज तुम्ही घरूनच घेऊन आलाय.

पीयूसीला असताना मी संध्याकाळी गावच्या दूध डेअरीत रजिस्टर लिहायला जायची. एका ओळीत काय काय असायचं बघा: सभासद क्रमांक 47, म्हैस, 4.5 लिटर, फॅट 6.8, दर, रक्कम, शेरा. एका सभासदाच्या एका वेळच्या दुधाची ही एक ओळ म्हणजे एक निरीक्षण. प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक चल, वर्गात ज्याला व्हेरिएबल म्हणतात ते. ओळीगणिक बदलतो म्हणून चल. अशा ओळी आणि रकाने मिळून जे होतं तो डेटा. तुम्ही स्वतः वजन करून, विचारून लिहिलात तर प्राथमिक, दुसऱ्यानं गोळा केलेला वापरलात तर दुय्यम. एवढ्यावर तो भाग संपला, त्यात अडकू नका.

खरा प्रश्न पुढे आहे. रकान्यात आकडा दिसला की आपला हात लगेच बेरजेकडे जातो. सभासद क्रमांक 47 आणि 23 यांची बेरीज 70 येते, पण त्या 70 ला काही अर्थ आहे का? म्हणून गणित करण्याआधी त्या रकान्याला एक प्रश्न विचारायचा असतो, आणि असे प्रश्न विचारायला मराठीइतकी सोयीची भाषा मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडे चार वेगळे शब्द तयार आहेत: कोणता, कितवा, कितीनं, कितीपट. यातल्या ‘कितवा’ला इंग्रजीत सरळ एक शब्दच नाही. कन्नडमध्ये आहे, ‘एष्टने’.

कोणता? सभासद कोणता, जनावर कोणतं, गाय की म्हैस. इथं आकडा असला तरी तो नावाच्या जागी वापरलेला असतो. बेळगावचा पिन कोड 590001, बसचा नंबर, मोबाइल नंबर, सगळे याच जातीचे. याला नामिक किंवा नॉमिनल म्हणतात. मोजता येतं फक्त कुठल्या नावाचे किती. 2011 च्या जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा नोंदवली, शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषाही लिहून घेतल्या. हा नामिक चलच. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या भागात याच रकान्यावरून किती काय घडलंय ते तुम्हाला सांगायला नको. शिकवताना मी हे उदाहरण मुद्दाम घेते, कारण नामिक चलाची व्याख्याच अशी आहे की त्यातली एक किंमत दुसरीच्या वर किंवा खाली नसते.

कितवा? निकालात डिस्टिंक्शन, फर्स्ट क्लास, सेकंड क्लास, पास. इथं क्रम आहे, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, 625 पैकी शाळेत पहिल्या मुलीला 620, दुसरीला 619 आणि तिसरीला 601 असं समजा. पहिली-दुसरीत एका गुणाचं अंतर, दुसरी-तिसरीत अठराचं. नुसता ‘कितवा’ सांगितला की हे अंतर झाकलं जातं. हा क्रमिक, म्हणजे ऑर्डिनल डेटा.

कितीनं? डेअरीत थंड केलेलं दूध 4 अंश सेल्सिअसवर ठेवायचं असतं. ते 8 अंशावर गेलं तर चार अंशांनी तापलं हे बरोबर, पण ‘दुप्पट गरम झालं’ म्हणता येणार नाही. हेच फॅरनहाइटमध्ये मोजा: 39.2 आणि 46.4. दुप्पट कुठं गेली? शून्य अंश म्हणजे उष्णता संपली असं नसतं, ती माणसानं सोयीसाठी ठरवलेली खूण आहे. सालांचंही तेच. बेळगावचं सरकारी नाव बदललं ते 1 नोव्हेंबर 2014 ला, त्या दिवशी शालिवाहन शके 1936 चालू होतं. दोन घटनांमधलं अंतर इसवी सनात मोजा की शकात, तेवढंच राहतं, सालांना भागून मात्र काही हाती लागत नाही. याला अंतराल किंवा इंटरव्हल म्हणतात.

कितीपट? लिटर, रुपये, एकर, जनावरांची संख्या. इथं शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही, त्यामुळे 9 लिटर हे 4.5 लिटरच्या दुप्पट आहेत असं छातीठोक म्हणता येतं. हा गुणोत्तर, रेशो. गोठ्यातल्या म्हशी 3 किंवा 4 असतात, साडेतीन नसतात, म्हणून तो खंडित चल, डिस्क्रीट. दूध 4.5 असू शकतं आणि वजनकाटा बारीक असेल तर 4.53 पण, तो अखंड, कंटिन्युअस. पहिल्या दोन प्रश्नांचा डेटा गुणात्मक आणि नंतरच्या दोनांचा संख्यात्मक, असे दोन मोठे गट झाले.

ही चार पायऱ्यांची मांडणी एस. एस. स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1946 मध्ये केली. परीक्षेत नावं त्याची लिहा, डोक्यात प्रश्न मराठी ठेवा.

आता आपल्या भागातला एक सापळा सांगते, यात मी चांगली शिकलेली माणसं अडकलेली पाहिली आहेत. आपल्या उताऱ्यावर, म्हणजे पहाणीवर, क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं. 1-20 म्हणजे 1 एकर 20 गुंठे. एकराचे गुंठे 40, म्हणजे ते दीड एकर झालं. पण संगणकावर कुणी ते 1.20 असं भरलं की यंत्र त्याला एक पूर्णांक वीस शतांश समजतं. तीन शेतं घ्या: 1-20, 2-30 आणि 0-35. यंत्राच्या हिशेबानं बेरीज 3.85. खरी बेरीज 205 गुंठे, म्हणजे 5 एकर 5 गुंठे. सव्वा एकराहून जास्त जमीन एका टिंबात गेली. आधी सगळ्याचे गुंठे करायचे, मग बेरीज. चल कोणत्या एककात आहे हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

सरासरीवर मला जास्त बोलायचंय, कारण तिथंच मी पहिल्यांदा चुकले. संध्याकाळच्या दुधाची सरासरी फॅट काढायला सांगितली होती. मी सगळ्या सभासदांच्या फॅटची बेरीज केली, माणसांच्या संख्येनं भागलं. कॅनमधल्या एकत्र दुधाची तपासणी झाली तर फॅट माझ्या आकड्यापेक्षा बरीच कमी. मला वाटलं, कुणीतरी पाणी घातलं. सेक्रेटरी काकांनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, “दहा लिटरवाल्याला आन् दोन लिटरवाल्याला एकच मत कसं देतीस गं?” एकाचं 10 लिटर दूध 6 फॅटचं, दुसऱ्याचं 2 लिटर 9 फॅटचं. साधी सरासरी 7.5. पण दूध एकत्र केलं तर 60 अधिक 18 म्हणजे 78, भागिले 12, उत्तर 6.5. याला भारित सरासरी म्हणतात. तेव्हा मी विनाकारण लोकांवर संशय घेतला होता, ते मला आजही बोचतं. भारित सरासरी शिकवायची वेळ आली की मी घाई करत नाही, त्याचं कारण हेच.

मध्यक वेगळ्या कामाचा. पाच घरांच्या जमिनी 1, 1.5, 2, 2.5 आणि 30 एकर असल्या तर मध्य, म्हणजे साधी सरासरी, 7.4 एकर येते. तेवढी जमीन त्या गल्लीत कुणाकडेच नाही. चढत्या क्रमानं लावून मधली किंमत, म्हणजे मध्यक, घेतली तर 2 एकर, आणि ती गल्ली तशीच आहे. एखादी किंमत फार लांब गेलेली असेल, तर आधी मध्यक बघा.

बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेली किंमत. कोल्हापुरी चपला अथणीतही बनतात, भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा आहेच. दुकानदारानं गिऱ्हाइकांच्या पायांची सरासरी काढली आणि 7.4 नंबर आला, तर तो कुठली चप्पल मागवणार? त्याला हवा असतो सर्वाधिक खपणारा नंबर. ‘कोणता’ प्रश्नाच्या डेटाला तर बहुलकाशिवाय दुसरं मधलं माप नाहीच. गाय आणि म्हैस यांची सरासरी काय काढणार?

सरासरी एक असूनही दोन गोष्टी अगदी वेगळ्या असू शकतात. एक म्हैस चार दिवस 5, 5, 5, 5 लिटर देते, दुसरी 2, 8, 3, 7. दोघींची सरासरी 5. दुसरीचा भरवसा नाही, आणि तो किती नाही हे सांगणारं माप म्हणजे प्रमाण विचलन. सरासरीपासूनची अंतरं −3, 3, −2, 2. नुसती बेरीज केली तर शून्य होते, म्हणून वर्ग करायचे: 9, 9, 4, 4. बेरीज 26, भागिले 4, आलं 6.5, त्याचं वर्गमूळ साधारण 2.55 लिटर. पहिलीचं प्रमाण विचलन शून्य. पावसाचं असंच: मलप्रभा उगम पावते ते तुमच्या तालुक्यातलं कणकुंबी आणि पूर्वेकडची कोरडी अथणी एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ऐकून तुम्ही छत्री घ्याल की टँकर सांगाल?

राहिला नमुना. सगळं दूध ही समष्टी, तपासायला घेतलेलं थोडंसं दूध हा नमुना. दूध घेणारा माणूस नमुना घेण्याआधी कॅन ढवळतो, कारण स्निग्धांश वर तरंगतो. न ढवळता वरवरचं घेतलं तर फॅट जास्त येते, आणि असे हजार नमुने घेतले तरी ती चूक जात नाही. चुकीचा झुकाव एकदा नमुन्यात आला की नमुना मोठा करून तो निघत नाही. यादृच्छिक निवड म्हणजे समष्टी नीट ढवळणं, प्रत्येकाला नमुन्यात येण्याची संधी देणं.

यासंबंधात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. 1940 च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पाहणीनं घेण्याचं काम केलं. शेतातला एक तुकडा आखून तेवढंच पीक कापून वजन करायचं, गावात ज्याला आपण पीक कापणी प्रयोग म्हणतो. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येतं हे त्यांनी दाखवलं. कारण साधं आहे. दोरीच्या अगदी कडेवरचं रोप आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. एक मीटर चौरसाला एक चौरस मीटरमागे चार मीटर कड येते, दहा मीटर चौरसाला फक्त चाळीस सेंटीमीटर. जितकी कड जास्त तितकी अशी रोपं जास्त. आज पंतप्रधान पीक विम्याची भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावरून ठरते, तेव्हा अंदाज फुगला तर शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे पडतात. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो तो यामुळं.

शेवटी रजिस्टराचा शेवटचा रकाना, शेरा. मुलं तो सोडून देतात. समजा, सभासद 47 च्या ओळीत मंगळवारी लिटरखाली काही लिहिलेलं नाही. तिथं शून्य भरायचं का? शेऱ्यात ‘म्हैस आटली’ असेल तर शून्य खरं आहे. ‘लग्नाला गेले’ असेल तर दूध निघालं असणार, डेअरीत आलं नाही एवढंच. आणि शेराच कोरा असेल तर त्या दिवशी लिहिणाऱ्यानं नोंद चुकवलीही असेल. तिन्ही ठिकाणी शून्य टाकलंत तर महिन्याची सरासरी तीन वेगळ्या कारणांनी खाली येईल आणि तुम्हाला ती एकच वाटेल. तुमच्या गावच्या डेअरीतल्या एका आठवड्याच्या नोंदी सभासदांची नावं वगळून उतरवून घ्या, प्रत्येक रकान्यावर चारपैकी कोणता प्रश्न लागू पडतो ते पेन्सिलीनं लिहा, आणि रिकाम्या घरांबद्दल रजिस्टर लिहिणाऱ्यालाच जाऊन विचारा. अडलं तर इथंच कळवा, मी बघते.