रिफंड अडकलाय? आधी अडकूच द्या

चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांचं पत्र आलंय. थोडी काटछाट करून देतो.

“भाऊ, नमस्कार. वय ४६, नोकरी २००२ पासूनची, म्हणजे जुनी पेन्शन आहे. वर्षाचा पगार ९ लाख ६० हजार. चोपड्यात स्वतःचं घर, कर्जाचं व्याज वर्षाला दीड लाख जातं. २०२४-२५ चा रिटर्न ऑगस्टमध्येच भरला. ३९,५६० रुपये रिफंड निघाला, पण पोर्टलवर ‘रिफंड फेल’ दिसतंय, बँक खातं व्हॅलिडेट नाही म्हणे. रिटर्न भरणारा मुलगा ओळखीतलाच आहे, आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) सगळ्यांचे तोच भरतो. रिफंडच्या १५ टक्के घेतो. मागच्या दोन वर्षी २८ हजार आणि ३४ हजार आणून दिले. एफडीचं ४२ हजार व्याज एआयएसमध्ये (आयकर विभागाकडच्या आपल्या व्यवहारांच्या यादीत) दिसतंय, फॉर्म १६ मध्ये (ऑफिसच्या पगार-कराच्या दाखल्यात) नाही. तो म्हणतो दाखवायची गरज नाही, बँकेने टीडीएस कापलाय. परवा त्याच्या मोबाइलवर आयकरवाल्यांचा मेसेज आला की रिटर्नमधल्या वजावटी तपासून घ्या. सगळ्यांनाच येतो म्हणाला. रिफंड आला की त्यात २० हजार घालून एक पॉलिसी सुरू करतोय, तीही त्याच्याकडूनच. वर्षाला ६० हजार, १५ वर्षं भरायचे, २० वर्षांनी दुप्पट, शिवाय टॅक्स वाचतो. मार्चच्या आधी वडिलांच्या अँजिओप्लास्टीला जळगावला १ लाख ४० हजार गेले, त्यामुळे हात जरा आखडलाय. रिफंड लवकर कसा मिळवावा? आणि पॉलिसी घ्यावी का?”

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं आहे. पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नसलं की खातं व्हॅलिडेट होत नाही. आपल्याकडे एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव गाळलेलं, असं हमखास असतं. बँकेत पॅन देऊन नाव दुरुस्त करून घेतलं की काम होतं. पण रिफंड पुन्हा पाठवा अशी विनंती पोर्टलवर टाकू नका. तो अडकलाय हे तुमचं नशीब समजा.

कारण तुमच्या पत्रातल्या आकड्यांचा मेळ मला लागेना. ऑफिसने पगारातून ३५,३६० कापले, बँकेने ४,२००. दोन्ही मिळून ३९,५६०. म्हणजे कापलेला सगळाच्या सगळा कर परत? साडेनऊ लाख पगाराच्या माणसाला शून्य कर? म्हणून मी तुमच्याकडून भरलेल्या रिटर्नची प्रत मागवली. ती तुम्हीही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलीत.

गृहकर्जाचं व्याज आणि ८०सी (बचत, कर्जाची मुद्दल वगैरेंची वजावट) धरून ऑफिसने तुमचं करपात्र उत्पन्न ६ लाख ७ हजार काढलं होतं. ते बरोबर आहे. त्यावर त्या मुलाने दोन गोष्टी चिकटवल्या. एक, घरभाडे भत्त्याची ६० हजारांची सूट. दोन, राजकीय पक्षाला ५० हजारांची देणगी, कलम ८०जीजीसीखाली. झाले ४ लाख ९७ हजार. जुन्या करप्रणालीत पाच लाखांच्या आत आलं की कर शून्य, म्हणून बेरीज तिथे आणून बसवली. आधी उत्तर ठरवलं आणि मग गणित मांडलं.

साठ हजारांची सूट मिळायला भाडं महिना १२ हजार दाखवलंय. चोपडा तालुक्यातल्या कुठल्या खेड्यात १२ हजारांचं घर मिळतं हो? ऑफिसच्या कागदावर तुम्ही मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावी राहता, प्रत्यक्षात चोपड्यात स्वतःच्या घरात राहता, आणि रिटर्नमध्ये तिसऱ्याच कुणाला भाडं देता. त्याच रिटर्नमध्ये चोपड्यातल्या घराच्या कर्जाचं व्याजही आहे. हे पकडायला अधिकारी लागत नाही, संगणक पुरेसा आहे.

देणगीचं तर विचारूच नका. मी फोनवर पक्षाचं नाव विचारलं, तुम्हाला सांगता आलं नाही. ही वजावट रोख पैशाला मिळत नाही. रिटर्नमध्ये तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी लिहावा लागतो. ते सगळं तुमच्या रिटर्नमध्ये लिहिलेलं आहे. जो व्यवहार झालाच नाही त्याचा क्रमांक कुठून आला, हे त्या मुलाला विचारा. पण खाली नाव तुमचं, पॅन तुमचा, आणि फोनवर सांगितलेला आधारचा ओटीपीही तुमचाच. विभागाच्या लेखी हे रिटर्न तुम्ही भरलंय. १५ टक्के घेणारा त्यात कुठेच नाही.

असे तुम्ही एकटे नाही. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी याच धंद्यातल्या लोकांवर छापे घातले. त्या आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचं विभागाने तेव्हा सांगितलं. तेव्हा परवाचा मेसेज ‘सगळ्यांनाच’ आलेला नाही. आणि तो तुमच्या मोबाइलवर का आला नाही, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता. पोर्टलवर नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याकडे. उद्या नोटीस निघाली तर तीही त्यालाच मिळेल.

आज संध्याकाळीच ‘पासवर्ड विसरलो’ वर जा. आधारला तुमचा स्वतःचा मोबाइल जोडलेला आहे, ओटीपी तुम्हालाच येईल. पासवर्ड बदला, प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचे टाका. मग तिन्ही वर्षांची रिटर्न उतरवून घ्या.

आता व्याजाचं. बँकेने १० टक्के कापले म्हणजे तुमचा कर फिटला असं नाही. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात. एफडीचं व्याज पूर्ण दाखवायचं. बचत खात्याच्या व्याजाला जी १० हजारांची सूट आहे तीही एफडीला लागू नाही. गंमत म्हणजे त्या मुलाने ४२ हजारांचं व्याज दडवलं आणि त्यावर कापलेले ४,२०० मात्र रिफंडमध्ये मागितले. चोरी करायची तर ती तरी धड करावी! केळीचा बागही एआयएसमध्ये येईल का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सातबारा वडिलांच्या नावावर आहे, उत्पन्न त्यांचं, सध्या तुमचा संबंध नाही. उद्या जमीन तुमच्या नावावर आली आणि शेतीचं उत्पन्न वर्षाला पाच हजारांच्या वर गेलं, तर आयटीआर-१ हा साधा फॉर्म चालणार नाही, आयटीआर-२ भरावा लागेल. कर लागत नाही म्हणून दाखवायचं नाही, असं नसतं. यावल-रावेरकडची बरीच नोकरदार मंडळी इथेच घसरतात.

आता खरं रिटर्न मांडू. व्याज धरून करपात्र उत्पन्न साडेसहा लाख. कर ४४ हजार, म्हणजे उलट तुम्हीच साडेचार हजार देणं लागता. पण थांबा. वडिलांची अँजिओप्लास्टी. वडील ७४ वर्षांचे, त्यांचा आरोग्यविमा नाही, बिल तुम्ही तुमच्या खात्यातून भरलंत, आणि ते तुमच्यावर अवलंबून नाहीत म्हणून ऑफिसकडून वैद्यकीय प्रतिपूर्तीही घेतली नाही. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या उपचाराचा खर्च ८०डी खाली ५० हजारांपर्यंत वजा होतो. पैसे रोखीने दिलेले नसावेत, एवढी अट. करपात्र उत्पन्न सहा लाखांवर येतं, कर ३३,७००. कापलेले ३९,५६०. म्हणजे तुम्हाला जवळपास ५,९०० रुपये खरा, हक्काचा रिफंड आहे. खोट्या पावत्या शोधणाऱ्या त्या पोराला समोर पडलेलं खरं बिल दिसलं नाही.

हे सुधारित रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ च्या आत भरा. मूळ रिटर्नवर प्रक्रिया झाली असली तरी ते भरता येतं, जादा कर लागत नाही. बिलं आणि खात्याचा उतारा जपून ठेवा. ते मंजूर झाल्यावर बँक खात्याची भानगड मिटवा आणि रिफंड घ्या.

खरा खर्च मागच्या दोन वर्षांचा आहे. त्याही रिटर्नमध्ये भाडं आणि देणगी आहे, मी पाहिलं. तिथे आता अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, हाच मार्ग. २०२३-२४ चे ३४ हजार परत, वर २५ टक्के जादा : साडेबेचाळीस हजार. २०२२-२३ चे २८ हजार परत, वर ५० टक्के : ४२ हजार. एकूण ८५ हजार धरा. व्याज आणि त्या वर्षांच्या एफडीवरचा थोडा कर वेगळा, तो रिटर्न भरताना निघेल. ३१ मार्च २०२६ उलटला की २५ चे ५० टक्के होतात आणि ५० चे ६०. दहा-अकरा हजार फुकटचे वाढतील.

भरायलाच हवं का, असं तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत. विभागाने आधी पकडलं तर खोट्या दाव्याला दंड करचुकवेगिरीच्या २०० टक्के आहे. ६२ हजार परत, १ लाख २४ हजार दंड, वर व्याज. पावणेदोन लाखांच्या पुढे जाल. आणि त्या वर्षाची चौकशी एकदा सुरू झाली की आयटीआर-यूचं दार बंद. ८५ हजार एफडीतून काढा. मुदतीआधी मोडल्याचं नुकसान यापुढे किरकोळ आहे. काम चोपड्यातल्या किंवा जळगावच्या सीएकडून, ठरलेली फी देऊन करून घ्या. रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही. त्याला आधीच नऊ हजारांहून जास्त देऊन बसला आहात, ते गेले असं धरा.

पॉलिसी घेऊ नका. २० वर्षांनी दुप्पट ऐकायला छान वाटतं. नऊ लाख भरून १८ लाख मिळणार, पण हप्ते पंधरा वर्षांत विखुरलेले आणि पैसे विसाव्या वर्षी. हिशेब केला की परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास बसतो. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं आणि त्यात कुणाचं कमिशन नाही. शिवाय तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार आणि हप्ते ६१ पर्यंत चालणार. शेवटचे तीन हप्ते पेन्शनमधून भरायचे का? हे विकणाऱ्याने तुमचं वयसुद्धा विचारलेलं दिसत नाही.

‘टॅक्स वाचतो’ हे तर निखालस खोटं. गृहकर्जाची मुद्दल आणि भविष्य निर्वाह निधी मिळून तुमची ८०सी ची दीड लाखांची मर्यादा आधीच भरलेली आहे, त्यामुळे जुन्या प्रणालीतही या पॉलिसीने एक रुपया वाचत नाही. आणि २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. तुमचं व्याजासकट उत्पन्न दहा लाख. कर शून्य, तोही भाडं नाही, देणगी नाही, पॉलिसी नाही, काही न दाखवता. ज्या शून्यासाठी तीन वर्षं ही कसरत चालली ते यंदा सरकारच देतंय. ऑफिसने जुन्या प्रणालीने कापणं चालू ठेवलं असेल तर पंचायत समितीत आजच लेखी द्या. तरी काही कापलंच गेलं तर जुलैमध्ये रिटर्न भरून परत मिळेल, आणि तो रिफंड १५ टक्के न देता तुमचा असेल.

घरच्यांसाठी विमा हवा असेल तर निव्वळ टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, घ्या, कर्ज फिटेपर्यंतचा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही.

राहिले तुमच्या केंद्रातले बाकीचे शिक्षक. त्या मुलाच्या हातचं प्रत्येक रिटर्न याच साच्यातलं असणार. ३१ डिसेंबर सगळ्यांना सारखाच लागू आहे. या महिन्याच्या शिक्षण परिषदेची, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीची वाट पाहू नका, ग्रुपवर आजच टाका : पोर्टल उघडा, त्यावरचा मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा, आणि आपलं रिटर्न एकदा स्वतः वाचा.