गाडीत पहिलं मीटर लावताना

भाऊ, सुरुवात व्होल्टमीटरने (बॅटरीचे व्होल्ट दाखवणारं मीटर) कर; दोनच तारा, हात बसतो. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेव.

नवी पोरं हमखास इथे चुकतात:

- बॅटरीवरून थेट तार, फ्यूजच नाही. फ्यूज बॅटरीजवळ हवा, मीटरपाशी नाही. मधे कुठे तार घासली तर तीच पेटते.
- अर्थिंग (निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जोडणं) रंगावरच कसलेलं. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवड, मग बोल्ट. काटा नाचतो तो बहुतेक यानेच.
- नुसती काळी टेप. जळगावच्या मे महिन्यात बोनेटखाली तिचा गोंद सुटतो. हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून तारेवर घट्ट बसणारी नळी) घे.

प्लस चावीनंतरच्या लाईनवर घे, नाहीतर बॅटरी उतरेल. 55 वॅटचे दोन फॉगलॅम्प म्हणजे 9 अँपिअरच्या पुढे, तिथे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लागतोच. पण ते नंतर. आधी इंजिन चालू असताना 14 व्होल्टच्या आसपास दिसतंय का, ते कळव.