पाट्या टाकणारा नक्की कोण?

या खेपेच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : ‘माणसं मन लावून काम करत नाहीत, काय करू?’ त्यांतली चार पत्रं घेतो, आधी पत्र आणि खाली माझं उत्तर.

भोसरीत माझं मशीन शॉप आहे, २२ कामगार. एक टर्नर १८ वर्षांपासून आहेत, लेथवर त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतल्यापासून त्यांच्या दांड्या वाढल्यात, त्या मशीनवर पाठवलं की कुरकुर. इन्सेंटिव्ह देऊ की समज?

दोन्ही नको. ‘व्हीएमसी घेतल्यापासून’ हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर तिथेच आहे. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून टूलची धार गेल्याचं कळतं, त्याला आता ऑफसेट (टूलच्या मापाचे आकडे) टाकताना आयटीआयमधून आलेल्या पोराला विचारावं लागतं. एक आकडा चुकला की टूल जॉबवर, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्यावर आदळणार आणि सगळी शिफ्ट माना वळवून बघणार. त्यापेक्षा दांडी बरी! याला आळस म्हणू नका, धास्ती आहे ती.

व्यवस्थापनतज्ज्ञ पॉल हर्सी आणि केन ब्लँचार्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, आपण कसं वागायचं हे समोरच्याची त्या विशिष्ट कामातली तयारी बघून ठरवायचं. म्हणजे एकाच माणसाशी दोन तऱ्हा. लेथवर त्यांना काही सांगायला जाऊ नका. व्हीएमसीवर मात्र शेजारी उभं राहून शिकवा, तेही शिफ्ट सुटल्यावर आणि ओव्हरटाइम देऊन. झेड (टूलची वर-खाली दिशा) वर उचलून ड्राय रन घ्या, म्हणजे टूल जॉबला न लागता नुसता प्रोग्रॅम चालवून बघा. पहिल्या काही जॉबच्या स्क्रॅपचा हिशोब मागू नका. आणि कोणत्या मटेरियलला किती कट झेपतो, हे त्या पोराला त्यांच्याकडून शिकायला लावा. शिकवण्याची देवाणघेवाण झाली की मानपानाचा प्रश्न बराचसा सुटतो.

इचलकरंजीत कपडे शिवण्याचं युनिट आहे, ४० जण. दिवाळीला वेळेवर बोनस दिला, तरी कामात फरक नाही.

पडणारही नाही. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो. हक्काचं मिळालं म्हणून कोणी हुरळत नाही, चुकलं तर मात्र भडका उडतो. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींशी बोलून १९५९ मध्ये हेच मांडलं : पगार, सोयी यांनी नाराजी टळते, हुरूप येतो तो कामातून.

तुमच्याकडे दिवसभर कॉलरच शिवणाऱ्या बाईंना तयार शर्ट कधी दिसतो? बहुधा रिजेक्ट होऊन परत आला की. त्यांच्या बंडलची तपासणी त्यांनाच करू द्या, चूक सापडली तर लाइन थांबवायची मुभा द्या.

तरीही दोन-तीन जण ढिम्म राहतील. कुणाचं चित्त शेतीत असतं, कुणाची निवृत्ती जवळ आलेली असते. त्यांच्यापुढे भाषणं झोडू नका. नग ठरवा, दर्जा ठरवा, तेवढं झालं की विषय संपला. नेमून दिलेलं काम चोख करून सहाला घरी जाणारा माणूस मला तरी गुन्हेगार वाटत नाही.

नाशिकला आयटी कंपनीत टीम लीड आहे. एक मुलगी स्वतःहून सगळं ओढून नेते, तिच्याकडे बघावंच लागत नाही.

बघा हो! मऊ लागलं म्हणून कोपराने खणणं चाललंय. इतरांनी टाकलेली तिकिटं (सिस्टिमवर नोंदवलेली कामं) तिच्याकडे किती जातात, आजच मोजा. तिला जादा काम नको, निर्णय द्या : क्लायंटच्या कॉलवर बोलू दे, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज तिचा तिला ठरवू दे. नाहीतर एके दिवशी थेट राजीनाम्याचा मेल येईल.

प्रत्येकाशी वेगळं वागलं तर पक्षपात म्हणणार नाहीत?

म्हणतील, जर रजा, लेटमार्क आणि पगारवाढ यांतही माणूस बघून वागलात तर. ते नियम सगळ्यांना सारखेच ठेवा. किती विचारायचं, किती सांगायचं, किती मोकळं सोडायचं एवढंच बदला, आणि का बदललं ते त्या माणसाला तोंडावर सांगा. बाकीच्यांना कँटीनमध्ये कळतंच.