लायसन्सवाला ठेकेदार: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नागपूरच्या बेसा भागात 1500 चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधायचं आहे. एक ठेकेदार सार्वजनिक बांधकाम विभागाचं नोंदणीपत्र दाखवतो आणि स्वतःला 'सरकारमान्य' म्हणवतो. शेजारी सांगतात, लायसन्स असलेल्यालाच काम द्या. नेमकं काय तपासायचं?

ते नोंदणीपत्र खरं असलं तरी ते सरकारी निविदा भरण्यासाठी आहे. अमुक रकमेपर्यंतची सरकारी कामं घेता येतात, एवढंच त्यातून कळतं. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदारासाठी महाराष्ट्रात वेगळा सरकारी परवाना नाही. बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं महारेरा प्राधिकरणही इथे कामी येत नाही, कारण तुम्ही बिल्डरकडून फ्लॅट घेत नाही, स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधता आहात.

परवाने आहेत ते दुसऱ्यांचे, आणि तेच मागा. नकाशावर सही करणारा आर्किटेक्ट 1972 च्या वास्तुविशारद कायद्याखाली नोंदलेला हवा. आर्किटेक्ट नसेल तर परवानाधारक अभियंता हवा, आणि कॉलम-बीमचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचं हवं. वायरिंग करणाऱ्याकडे विद्युत ठेकेदाराचा परवाना पाहिजे, कारण महावितरणचं मीटर घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. नळजोडणीसाठी परवानाधारक प्लंबर लागतो. ठेकेदार म्हणेल, 'आमचा माणूस आहे, बघून घेईल.' त्या माणसाचं नाव आणि परवाना क्रमांक करारात लिहून घ्या.

खुद्द ठेकेदाराचं पॅन आणि जीएसटी क्रमांक घ्या. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा 15 अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की नाव, नोंदणीची तारीख आणि विवरणपत्रं भरली जातात की नाही, हे दिसतं. मजुरांचा विमा आहे का, हेही विचारा. स्लॅबवरून कुणी पडलं तर भरपाईच्या वादात घरमालकही ओढला जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या मजुराच्या घरच्यांना वेळेवर पैसा मिळाला पाहिजे.

मग त्याची कामं बघा. एक घर चालू कामाचं आणि एक किमान एक पावसाळा काढलेलं. जुन्या घरात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या आहेत का, बाथरूमखालच्या छताला ओल आहे का, जोत्यापासून बाहेरची फरशी सुटली आहे का, ते पाहा. त्या घरमालकाला एकच प्रश्न विचारा: ठरलेल्या रकमेवर शेवटी किती 'एक्स्ट्रा' लागलं? चालू कामावर कॉलमचा पाय बघा. तिथे गिट्टी उघडी पडून पोकळ्या दिसत असतील तर काँक्रीट दाबून बसवणारं यंत्र, म्हणजे व्हायब्रेटर, नीट फिरलेला नाही.

आणि देखरेखीचा अभियंता तुम्ही नेमा, पैसेही तुम्हीच द्या. ठेकेदाराच्या पगारावरचा इंजिनिअर ठेकेदाराचं काम नापास करील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

प्रश्न: हुडकेश्वरला आमच्याकडे मटेरियलसह तीन कोटेशन आली आहेत: 1650, 1900 आणि 2150 रुपये चौरस फूट. एवढा फरक कसा? सर्वांत कमी दर घ्यावा का?

तिघं एकाच घराचा दर सांगत नाहीत, म्हणून फरक दिसतो. आधी विचारा की चौरस फूट कशाचे मोजणार? स्लॅबचं क्षेत्रफळ की भिंतींच्या आतलं? जिना एकदा मोजणार की प्रत्येक मजल्याला? बाल्कनी, पोर्च आणि चज्जा पूर्ण दराने की अर्ध्या? टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड वॉल, गेट आणि बोरवेल दरात आहेत की बाहेर? तिघांनाही एकच नकाशा आणि एकच लेखी यादी द्या, त्यावर पुन्हा दर मागवा. बहुतेक वेळा 1650 चा आकडा तिथेच वर सरकतो.

पाया हा यातला सर्वांत मोठा प्रश्न. नागपुरात कित्येक लेआउटमध्ये वर काळी माती आणि खाली मुरूम, म्हणजे खडकाळ टणक थर, आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावर टेकलेलं जोतं दरवर्षी हलतं. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा 4 फूट खोदाई धरलेली असते. मुरूम 7 फुटांवर लागला की उरलेले 3 फूट 'एक्स्ट्रा' होतात. म्हणून करार करण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्या आणि मुरूम कुठे लागतो ते अभियंत्याला दाखवा. त्याहून खोल जावं लागलं तर दर फुटामागे किती, हे आधीच लिहा. काळी माती फारच खोल असेल तर अभियंता अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले खोल काँक्रीटचे खांब) सुचवील, त्याचा हिशेब वेगळा होतो. आणि खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. ती वाहून न्यायचा खर्च वाचवायला हे सर्रास केलं जातं, आणि वर्षा-दोन वर्षांत टाइल्स उचलतात. जोत्यात मुरूमच हवा, 6-6 इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमस केलेला, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेला.

दुसरा फरक मालात असतो. सिमेंटची कंपनी आणि प्रकार, सळईची प्रत (एफई 500 डी), कन्हानची रेती की क्रशरची, विटा लाल की राखेच्या, वायर आणि नळांचा ब्रँड, टाइल्सचा चौरस फुटाचा मूळ दर, हे सगळं नावानिशी लिहा. 'चांगल्या प्रतीचं' या शब्दाला करारात काही किंमत नाही. सळईची गाडी धरमकाट्यावर तोला. 12 मिमीची 12 मीटर सळई साधारण 10.65 किलो भरते, 8 मिमीची 4.74. थोडा फरक चालतो, पण सगळीच सळई बरीच हलकी भरली तर माल परत पाठवा. पावसाळ्यात नदीतला रेतीउपसा बंद असतो आणि भाव चढतात, तेव्हा त्या काळातला भाववाढीचा बोजा कुणावर, तेही ठरवा.

तिसरा फरक जीएसटीचा. मटेरियलसह ठेक्यावर 18 टक्के लागतो, म्हणजे 30 लाखांवर 5 लाख 40 हजार. एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला सूट आहे. दर करासह की करावेगळा, हे कोटेशनवरच लिहून मागा.

पैसे तारखेवर देऊ नका, टप्प्यावर द्या. दोन मजल्यांच्या घराला आमची शिफारस अशी: सुरुवातीला 5 टक्के, जोतं पूर्ण झाल्यावर 15, पहिल्या आणि दुसऱ्या स्लॅबनंतर 20-20, वीटकाम, छपाई-पाइप आणि फरशी-दारं या तीन टप्प्यांना 10-10, ताबा घेताना 5. उरलेले 5 टक्के एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. आगाऊ 20-25 टक्के मागणारा ठेकेदार अनेकदा तुमच्या पैशाने मागचं अडलेलं काम पुरं करत असतो. जोत्याचा हप्ता देण्याआधी नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयाची जोते तपासणी झालेली हवी. सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) चुकलं असेल तर ते तिथेच कळलं पाहिजे, नाहीतर पुढे भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) अडतं.

प्रश्न: मानेवाड्यात मे महिन्यात स्लॅब आहे. ठेकेदार पाचव्या दिवशी सेंट्रिंग (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) काढू म्हणतो. चालेल?

नाही. त्याला प्लेटांचं भाडं वाचवायचं आहे. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणे 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे 14 दिवस ठेवायचे. बीमखालचे टेकू 6 मीटरपर्यंत 14 दिवस, पुढे 21. हे दिवस साध्या ओपीसी सिमेंटचे आहेत. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट हळू ताकद धरतं, त्यामुळे आणखी थांबा, आणि अभियंत्याने लिहून दिल्याशिवाय टेकूला हात लावू देऊ नका.

45 अंशांच्या उन्हात भरणी दुपारी नकोच, संध्याकाळी सुरू करा. गिट्टीवर आधी पाणी मारून ती थंड करा, प्लेटा ओल्या करा. उन्हात माल लवकर आवळतो म्हणून मजूर मिक्सरमध्ये पाणी वाढवतात, आणि स्लॅब कमजोर होतो तो इथेच. सिमेंटच्या बॅगेमागे 25 ते 27 लिटर पाणी पुरे, तेही रेतीतलं पाणी धरून. बॅगा मोजायला घरचा माणूस उभा ठेवा. 1000 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे सुमारे 11.8 घनमीटर. 1:1.5:3 च्या (सिमेंट, रेती, गिट्टी) मिश्रणाला घनमीटरमागे 8 बॅगा धरल्या तर 95 च्या आसपास, बीम वेगळे. पृष्ठभाग आवळला की लगेच ओली पोती टाका, दुसऱ्या दिवशी छोटे बांध घालून 14 दिवस पाणी साठवा. त्या पाण्याची आणि टँकरची जबाबदारी कुणाची, हे करारात नसलं तर कुणीच घेत नाही. भरणीच्या वेळी त्याच काँक्रीटचे 15 सेंटीमीटरचे 6 क्यूब (चाचणीचे ठोकळे) भरून घ्या, 3 ची चाचणी 7 दिवसांनी आणि 3 ची 28 दिवसांनी, तुम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेत.

प्रश्न: पहिला स्लॅब टाकून ठेकेदार दोन महिने गायब आहे. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे त्याच्याकडे गेले आहेत.

दुसरा माणूस लगेच लावू नका. आधी मजूर गावी गेल्यामुळे काम थांबलं आहे का, ते बघा. छत्तीसगड-बालाघाटकडची माणसं होळीला आणि शेतीच्या हंगामात जातातच. तसं नसेल तर स्वतंत्र अभियंत्याकडून झालेल्या कामाचं मोजमाप लेखी घ्या, तारखेसह फोटो काढा, साइटवर पडलेल्या मालाची यादी दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करा. मग 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, प्रत व्हॉट्सअॅपवरही टाका.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ही सेवा धरली आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच होते, आणि मुदत 2 वर्षांची आहे. रोखीने दिलेल्या पैशाची पावती नसेल तर तारखा आणि रकमा लिहून त्याला आजच मेसेज करा. 'हो, मिळाले, पण...' असं उत्तर आलं तरी तो पुरावा होतो. मोजमाप कागदावर आलं की नवा ठेकेदार लावायला हरकत नाही, पण त्याच्या करारात जुन्या कामातले दोष आधी नोंदवून मगच सह्या करा.