वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांच्या हाती पर्यावरण कायद्याची पत्रिका

प्रश्न : मी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. पर्यावरण कायद्याला वाहिलेल्या आणि सर्वस्वी विद्यार्थ्यांनी चालवलेल्या एका संशोधनपत्रिकेच्या संपादक मंडळात येण्याविषयी मला विचारणा झाली आहे. आमचे एक प्राध्यापक मात्र म्हणतात की, ज्यांच्या स्वतःच्या परीक्षा व्हायच्या आहेत त्यांनी जाणकारांचे लेख निवडावेत, हा प्रकारच हास्यास्पद आहे. त्यांचे म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : आक्षेप जुना आहे आणि निम्मा खराही आहे. इतर बहुतेक विद्याशाखांत लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो; अमेरिकेतील विधी महाविद्यालयांनी मात्र वेगळी वाट धरली आणि १८८७ मध्ये सुरू झालेल्या ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’सारख्या पत्रिकांपासून लेखांची निवड व संपादन विद्यार्थ्यांच्याच हाती राहिले. तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर १ जानेवारी १९७० रोजी स्वाक्षरी झाली, त्याच वर्षी ओरेगॉनमधून ‘एन्व्हायर्न्मेंटल लॉ’ निघाले आणि १९७१ मध्ये बर्कलीतून ‘इकॉलॉजी लॉ क्वार्टर्ली’. म्हणजे कायदा आणि त्याची चिकित्सा करणाऱ्या पत्रिका जवळजवळ पाठोपाठच जन्मल्या.

अशा पत्रिकेचा लेख किती दूर पोहोचू शकतो, याचे उदाहरण १९७२ चे आहे. कॅलिफोर्नियातील मिनरल किंग खोऱ्यात डिस्ने कंपनी उभारू पाहत असलेल्या पर्यटन प्रकल्पाविरुद्ध सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती. त्या न्यायालयाचे न्यायमूर्ती डग्लस एका विद्यार्थी-संपादित पत्रिकेच्या विशेषांकाला प्रस्तावना लिहिणार आहेत, हे कळताच क्रिस्टोफर स्टोन या प्राध्यापकांनी झाडांना न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार असावा, असे प्रतिपादन करणारा लेख घाईने त्याच अंकासाठी सिद्ध केला. डग्लस यांनी आपल्या निकालपत्रात त्याचा आधार घेतला. मात्र ते निकालपत्र अल्पमताचे होते. बहुमताने सिएरा क्लबचा दावा करण्याचा अधिकारच मान्य केला नाही.

हे ‘मात्र’ जपणे, हेच आपले खरे काम असेल. समजा, एखाद्या लेखकाने लिहिले की, सर्वोच्च न्यायालयाने निसर्गाला दाद मागण्याचा अधिकार दिला आहे, आणि तळटिपेत त्या न्यायालयाच्या निकालसंग्रहाचा खंड ४०५, पृष्ठ ७४१ असा हवाला दिला. आपण तो खंड उघडता. निकाल पृष्ठ ७२७ वर सुरू होतो, तर ७४१ वर डग्लस यांचे भिन्नमत, म्हणजे तेच अल्पमताचे निकालपत्र. हवाला अचूक, पान अचूक, वाक्य चुकीचे! तळटिपेत ‘भिन्नमत’ हा शब्द घालून भागत नाही, वाक्यच बदलावे लागते, आणि तसे ज्येष्ठ लेखकाला नम्रपणे पण ठामपणे कळवावे लागते. एकेका लेखात अशा शेकडो तळटिपा असू शकतात. नामवंत परीक्षकाला त्या एकेक करून उघडून पाहायला वेळ नसतो. विद्यार्थ्यांना तो काढावाच लागतो. (हे काम कंटाळवाणे नाही, असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही.)

आक्षेपाचा खरा असलेला अर्धा भाग याच्या पुढे सुरू होतो. कलम काय म्हणते, हे आपण पडताळू शकता. परंतु भूजलाच्या पातळीविषयीचे अनुमान किंवा विषारी द्रव्याची सुरक्षित मात्रा योग्य आहे की नाही, हे आपल्याला ठरवता येणार नाही, आणि पर्यावरण कायद्याचा लेख बहुधा अशाच एखाद्या आकड्यावर उभा असतो. त्यामुळे होकार देण्यापूर्वी एवढे विचारावे की, असा लेख बाहेरच्या शास्त्रज्ञाला दाखवण्याची पद्धत तेथे आहे का. शिवाय मंडळ दरवर्षी बदलते, म्हणून मागील वर्षाच्या नोंदी पुढच्यांच्या हाती नीट पडतात की नाही, हेही पाहावे. दोन्हींची उत्तरे समाधानकारक असल्यास अवश्य जावे.

प्रश्न : एकच लेख अनेक पत्रिकांना एकाच वेळी पाठवला तर चालतो का?

उत्तर : अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित पत्रिकांत हा सर्रास रिवाज आहे; एका पत्रिकेने स्वीकारल्यावर तेवढे इतरांना तत्काळ कळवावे लागते. तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेणाऱ्या पत्रिकांत मात्र तो सामान्यतः शिष्टाचाराचा भंग मानला जातो, म्हणून पाठवण्यापूर्वी त्या त्या पत्रिकेचे नियम वाचावेत.