गळणारा कंडेन्सर आणि दहावीतला मुलगा

पत्राचा सारांश: मुलगा कराडला दहावीत. दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरचा आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ खाली काढला आणि दीड महिना खपून वाजता केला. आता म्हणतो, मला हेच करायचंय, आयटीआयला जातो. वडिलांना अकरावी सायन्स आणि जेईई हवंय. सहामाहीत गणितात १०० पैकी ५४. आई विचारते, “मेलेल्या धंद्यात पोराला जाऊ द्यायचं का? आणि तो म्हणतो कंडेन्सर लीक होता, पण मला तर काहीच गळताना दिसलं नाही.”

ताई, नमस्कार.

करिअरचं नंतर बोलू. आधी त्या खोक्याचं. तुम्ही त्याच्या वहीचं पान पाठवलंत, त्यात ईएल८४ आणि ईझेड८० ही व्हॉल्व्हची नावं वाचली आणि जीव थोडा भांड्यात पडला. म्हणजे सेट ट्रान्सफॉर्मरवाला आहे, घरातल्या लाईनपासून वेगळा. ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असते, यूएल८४ वगैरे, तर चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट घरातल्या लाईनला जोडलेली असते. पिन उलटी बसली की नुसत्या नॉबच्या स्क्रूलाही शॉक लागतो. तरीही तुमच्या सेटमध्ये अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी आहे, आणि बटण बंद केल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दबा धरून बसतो. तेव्हा घरात मोठं माणूस असल्याशिवाय मागचा पुठ्ठा उघडायचा नाही. पिन काढल्यावर रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामा करायचा आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालायचा नाही. वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करून द्या, ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब लावून, म्हणजे सेटची वीज आधी बल्बातून जाईल. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, एवढं तो बोर्डच सांगतो. मी पॉलिटेक्निकला असताना वर्षानुवर्षं बंद पडलेला सेट थेट प्लगात घातला होता. कंडेन्सर फुटला, खोलीभर कागदाच्या चिंध्या, आणि वास असा की आईने दोन दिवस खिडक्या लावल्या नाहीत.

आता गळतीचं. त्यातून पाणी गळत नाही, व्होल्ट गळतात. आवाजाचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हकडे जाऊ द्यायचा आणि मागचा डीसी अडवायचा, हे त्या लीक कंडेन्सरचं काम (फिल्टरवाला वेगळा). जुने कागदी कंडेन्सर दमट हवेने वर्षानुवर्षं मुरतात आणि थोडा डीसी पुढे सोडू लागतात. मग ईएल८४च्या ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीवर, नको तो पॉझिटिव्ह दाब (व्होल्टेज) येतो, व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो, दहा मिनिटांत आवाज चिरका होतो. असंच चालू ठेवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो मिळवताना घाम फुटतो.

पण मला त्या पानावरच्या दोन ओळींनी थांबवलं. “ग्रिडवर ५ व्होल्ट. कंडेन्सरचा एक पाय सोडवला, परत मोजलं, ०.” बहुतेक हौशी मुलं इथे सरळ व्हॉल्व्ह बदलतात, नवा व्हॉल्व्ह थोडे दिवस चालतो आणि मग तोही जातो. याने आधी मोजलं, एक गोष्ट वेगळी केली, पुन्हा मोजलं. दाब तसाच राहिला असता तर दोष व्हॉल्व्हचा ठरला असता, हेही त्याने खाली लिहून ठेवलंय. हे त्याला कोणी शिकवलंय का? नसेल, तर गणितातल्या ५४ पेक्षा या दोन ओळींकडे मी जास्त गांभीर्याने बघेन.

धंद्याबद्दल तुमची भीती खरी आहे. फक्त जुने रेडिओ दुरुस्त करून संसार चालणं कठीण. गिऱ्हाईक मोजकं, प्रत्येकाला ‘वडिलांचा आहे हो’ म्हणून जीव तुटतो, पण तीन दिवसांच्या कामाचे पैसे सांगितले की चेहरा पडतो. शनिवार-रविवारची जोडकमाई म्हणून उत्तम. पण व्हॉल्व्हचं तंत्र मेलेलं नाही. एक्स-रे मशीनची ट्यूब ही व्हॅक्यूम ट्यूबच, म्हणजे व्हॉल्व्हचंच भावंड. कॅन्सरच्या रेडिएशन मशीनमध्ये मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन असतो, त्याही अशाच ट्यूबा. राजस्थानात पिलानीला सीरी ही सरकारी संस्था अशाच ट्यूबांवर संशोधन करते. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्येही मॅग्नेट्रॉन असतो. हे त्याला कळलं की तो उघडायला धावेल, तर मुळीच उघडू देऊ नका. तिथला दाब रेडिओच्या कितीतरी पट असतो, एका चुकीत माणूस जातो.

माझं मत सरळ आहे: दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा. हात कामात राहतील, आणि नंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येईल, म्हणजे वडिलांचीही वाट बंद होत नाही. कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे, निकालाआधीच जाऊन शाखांची चौकशी करा. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स असा डिप्लोमाही काही ठिकाणी असतो, तोही विचारून ठेवा. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड वाईट नाही, पण या मुलाला ‘का’ विचारायची खोड आहे आणि तिथे त्याला त्याची उत्तरं कमी पडतील. जेईईच्या क्लासला मी तरी आत्ता पैसे भरणार नाही.

गणित मात्र सुटता कामा नये. त्याला विचारा: डायलवर ५३० पासून १६०० किलोहर्ट्झपर्यंत जायचं, म्हणजे फ्रिक्वेन्सी तिप्पट होते, मग गँग कंडेन्सरची (स्टेशन लावताना नॉबने फिरतो त्याची) क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर आणून का भागत नाही, जवळजवळ नवव्या हिश्श्यावर का आणावी लागते? उत्तर वर्गमुळात आहे. ते एकदा रेडिओत सापडलं की पुस्तकातलं वर्गमूळ तो टाळणार नाही.

परीक्षेपर्यंत रेडिओ फक्त रविवारी. आणि जमलं तर एखाद्या वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, त्याला नारायणगावजवळ खोडदला घेऊन जा. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेली जीएमआरटी दुर्बीण तेव्हा लोकांना बघायला खुली असते. तीही शेवटी रेडिओच ऐकते, फक्त स्टेशनं फार लांबची.

जाता जाता, कोणीतरी रेडिओ विकत मागतंय असं लिहिलंत. देऊ नका. आणि कंडेन्सर बदलल्यावर ईएल८४च्या कॅथोडवर किती व्होल्ट आले, ते पुढच्या पत्रात त्याच्याच हाताने लिहून पाठवा.