मला आणि माझ्या कुत्र्याला एकाच वेळी जुलाब लागलेत. माझी जुलाब थांबवायची गोळी त्याला दिली तर चालेल का?

अजिबात देऊ नका. ही गोळी (लोपेरामाइड) फक्त आतड्याची हालचाल मंद करते. संसर्ग असेल तर तो आतच राहतो. शिवाय कोली आणि तशाच मेंढपाळ जातींच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे ती थेट मेंदूपर्यंत पोचते. तुमच्या कुत्र्याची जात तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून मी सरळ नाहीच म्हणते.

याच गोळीवरून आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. पिल्लू लहान होतं. लशीचा पहिला डोस झालेला, पुढचे राहिलेले, कारण भाऊजींचं म्हणणं, "जे कुत्रं घराबाहेर पडत नाही त्याला कशाला टोचायचं?" त्यांनी जन्मभर कुत्री पाळलेली, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. पार्व्होचा (कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाबांचा) विषाणू चपलेच्या तळव्याला लागूनही घरात येतो, हे त्यांना तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

पिल्लाने आधी खाणं सोडलं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. भाऊजी म्हणाले, अर्धी गोळी द्या आणि पाण्याचं भांडं उचला, आत काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार! मी भांड्याला हात लावू दिला नाही. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं. निरोगी हिरडी दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. याची मुळातच फिकट, हाताला चिकट लागणारी, आणि बोट काढलं तरी रंग परतेना. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. टॉवेलात गुंडाळून तडक दवाखाना गाठला. पार्व्होच निघाला. सलाइन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक असं सगळं झालं आणि पिल्लू वाचलं. भाऊजी अजून म्हणतात, त्याचं नशीब. नशिबाचा काय संबंध? वेळेत अंगात पाणी गेलं म्हणून वाचलं.

"साखर-मिठाचं पाणी हे काय औषध आहे?" हेही त्यांचंच. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजायला लावलं. शंभरातले तीसपर्यंत जिथे दगावत होते, तिथे ते प्रमाण ४ च्या खाली आलं. ग्लुकोज शोषला जाताना सोडियमला सोबत ओढतो, मागोमाग पाणी जातं, आणि जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही. यापुढे कुणी पाणी तोडायला सांगितलं तर ऐकू नका, सांगणारा वयाने कितीही मोठा असो.

तुम्ही ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. ताप किंवा रक्त नसेल तर तुमची गोळी तुम्हाला चालेल, मला स्वतःला ती आवडत नाही. लहान मुलांना ती नको. त्यांना ओआरएसच्या जोडीला डॉक्टरांना विचारून झिंक, १० ते १४ दिवस.

कुत्रं मोठं असेल आणि खेळत-खात असेल तर पाणी समोर ठेवा, हलकं अन्न थोडं थोडं द्या, एखादा दिवस वाट पाहायला हरकत नाही. उलट्या होत असतील तर तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जाईल. पिल्लू असेल, रक्त पडत असेल किंवा मलूल असेल तर थांबूच नका.

दोघांना एकदमच लागलेत म्हणजे पाण्यातून काही आलं असेल, किंवा जिआर्डिया, साल्मोनेला या जंतूंसारखं एकमेकांना लागणारं काही. पार्व्हो माणसाला होत नाही. कुत्र्याची घाण काढल्यावर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका. ताजी विष्ठा डबीत घालून त्याच्या डॉक्टरांकडे न्या आणि तुम्हालाही जुलाब आहेत हे त्यांना सांगा.

घरात मांजर असेल तर तिलाही माणसांची कुठलीच गोळी नको. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.